फोर-बाय-फोर विकताना गिऱ्हाइकाला शेतात न्या

जळगाव-धुळ्याकडे जुनी फोर-बाय-फोर घेणारा माणूस बहुतेक शेतकरीच असतो, नाहीतर तोरणमाळच्या घाटात येणं-जाणं असलेला. त्याला पॉलिशपेक्षा चारही चाकं ओढतात का, हे बघायचं असतं. म्हणून ट्रायल डांबरी रस्त्यावर देऊ नका. लिव्हर टाकून चालणारी फोर-व्हील कोरड्या डांबरावर वळवली की गाडी अडखळते, गिअरबॉक्सवर ताण येतो, आणि समोरच्याला वाटतं गाडीतच खोट आहे. कपाशीच्या मोकळ्या, भुसभुशीत रानात न्या. फोर-एलची, म्हणजे चारही चाकं कमी वेगात पण जास्त ताकदीने फिरवणारी, लिव्हर त्यालाच टाकू द्या. पुढचं चाक माती चावतं ते दिसलं की भाव पाडणं आपोआप कमी होतं. सर्व्हिसच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवा, डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरपेटीचं, ऑइल बदलल्याची तर नक्कीच.

आता कागदपत्रं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय, पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय चावी देऊ नका, पाहुण्यातला असला तरी. गाडी दिल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गिऱ्हाईक सुरत किंवा बऱ्हाणपूरचं, म्हणजे दुसऱ्या राज्यातलं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) आधीच काढा. कर्ज फिटलं असेल तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलाय का, ते आजच बघा.