अधूनमधून बंद पडणाऱ्या जुन्या गाडीचा दोष कसा शोधावा

घाटात तीनदा बंद पडलेली गाडी गॅरेजच्या दारात नेली की शहाण्या बाळासारखी चालू लागते. मिस्त्री दोन वेळा रेस देऊन पाहतो, ‘काही नाही, प्लग बदलून टाकू’ म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे असतो. यात मिस्त्रीचा फारसा दोष नसतो, कारण जे बिघडलेलेच दिसत नाही ते त्याने शोधायचे तरी कसे? असा दोष सापडण्याची खरी वेळ म्हणजे गाडी बंद पडल्यानंतरची पहिली चार-पाच मिनिटे होत. नेमकी तीच मिनिटे आपण चावी फिरवत आणि बॅटरी उतरवत घालवतो.

पुढील विवेचन मुख्यतः कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल अँबॅसडर, कार्ब्युरेटरची मारुती 800 किंवा ओम्नी यांसारख्या गाड्यांसाठी.

पहिले काम पान्याचे नसून वहीचे आहे. गाडी किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली, इंजिन गरम होते की थंड, चढ होता की सपाट रस्ता, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती होते आणि किती वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली, हे दर वेळी लिहून ठेवावे. सर्वांत महत्त्वाची नोंद गाडी कशी बंद पडली याची असते. दिव्याचे बटण दाबावे तसे इंजिन एकदम थांबले, तर संशय करंटवर, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पाडणाऱ्या विजेवर, घ्यावा. दोन-तीन झटके मारून, पिकअप सोडत, खोकत खोकत थांबले, तर पेट्रोलवर घ्यावा. हा नियम शंभर टक्के खरा नाही, परंतु सुरुवात कोठून करायची एवढे तो बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

गाडीत चार वस्तू कायम ठेवाव्यात: टेस्ट लॅम्प (एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला छोटा दिवा), साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारा मीटर), चालू स्थितीतला एक जादा प्लग आणि पाण्याची बाटली. गाडी बंद पडली की ती सुरक्षित जागी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत हाताने ॲक्सिलरेटरची तार एकदा ओढावी. पेट्रोलची बारीक पिचकारी आत उडाली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. पिचकारी उडाली नाही, तर बहुधा वाटी कोरडी आहे आणि पेट्रोल मागेच कोठेतरी अडले आहे. त्यानंतर झाकण परत बसवून एका प्लगची वायर काढावी, तिला जादा प्लग लावावा आणि तो प्लग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकेल असा ठेवावा. जवळ पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करूनच दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारायला सांगावे आणि वायर हातात धरू नये. ठळक निळी ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. पिवळट, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही तर करंटमध्ये दोष आहे. एवढ्या दोन तपासण्यांत निम्मी गाडी संशयातून मुक्त होते.

करंट नसेल तर टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी आणि इग्निशन चालू ठेवून टोक कॉइलच्या, म्हणजे बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीपुरता वाढवणाऱ्या भागाच्या, पॉझिटिव्ह टर्मिनलला टेकवावे. दिवा लागला नाही तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही. अशा वेळी फ्यूज, वायरिंग आणि विशेषतः इग्निशन स्विच पाहावा. चावीला दहा किल्ल्यांचा जुडगा अनेक वर्षे लटकत असेल, तर स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजलेले असण्याची शक्यता चांगलीच असते, आणि चावी हलकेच हलवताच दिवा लुकलुकला की निदान तेथेच झाले. पॉझिटिव्हला दिवा लागत असेल तर टोक निगेटिव्ह टर्मिनलवर नेऊन सेल्फ मारावा. दिवा लुकलुकत असेल तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) उघडझाप करीत आहेत, आणि मग संशय कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग), कॉइल, मधली जाड वायर, रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग) व कॅप (डिस्ट्रिब्युटरचे झाकण) यांवर येतो. लुकलुकत नसेल तर दोष बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या पोटात, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘डेल्को’ म्हणतात त्यात आहे. पॉइंटमधील फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा.

कॉइल आणि कंडेन्सर हे दोघे उष्णतेचे गुन्हेगार. थंड असताना दोघेही सज्जन असतात, तापले की आतली जोडणी सुटते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी निवल्यावर पुन्हा जुळते. म्हणून कॉइल तापलेली असतानाच मोजावी. बाह्य रेझिस्टर (कॉइलमधली वीज मर्यादित ठेवणारा वेगळा भाग) नसलेल्या 12 व्होल्टच्या साध्या कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलांमध्ये, वायरी काढून मोजल्यास, सुमारे 3 ओहम येतात. गाडी बंद पडताच मीटरने अनंत दाखवले आणि निवल्यावर 3 दाखवले तर वेगळा पुरावा नको. रेझिस्टरसह वापरायची साधारण दीड ओहमची कॉइल कोणी रेझिस्टरशिवाय जोडली असेल, तर ती हात लावू नये इतकी तापते. सेकंडहँड गाडीत हे आवर्जून पाहावे.

येथे माझ्याच गाडीचा किस्सा उपयोगी पडेल. सपाट रस्त्यावर ती उत्तम चालत असे, परंतु खंबाटकी घाटात पाय दाबला की मिसिंग, म्हणजे इंजिनचे अडखळणे, सुरू होई आणि वळणावर बंदच पडे. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर दोनदा धुतला. शेवटी डेल्कोची कॅप काढून बसलो. पॉइंट ज्या प्लेटवर असतात ती प्लेट व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे, ॲक्सिलरेटरबरोबर थोडी पुढेमागे फिरते, आणि तिच्यावर जाणारी बोटभर लांबीची वायर दर वेळी वाकते. इग्निशन बंद ठेवून, पॉइंट पुरते मिटतील अशा जागी इंजिन हाताने आणले, डेल्कोची वायर कॉइलपासून सोडवली, ती आणि बॅटरीचा पॉझिटिव्ह यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडला आणि व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून सोडली. प्लेट पुढे गेली तेव्हा दिवा लागलेला होता. ती मागे आली तसा विझला. वायरचे रबर वरून अखंड होते, आत तांब्याच्या दोन-तीनच तारा शिल्लक होत्या. एवढ्याशा वायरीने तीन महिने फिरवले होते.

त्या अनुभवावरून वायरींबाबत एक सवय लागली: नुसते पाहू नये, ओढून आणि हलवून पाहावे. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून, पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवून, कमी दाबाच्या (प्लगच्या आणि कॉइलच्या जाड वायरी सोडून इतर) वायरींचा एकेक लग, म्हणजे टोकाची जोडणी, हलवावी. जेथे इंजिन अडखळेल तेथे दोष. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी विसरू नये. सेल्फ मारताना तिच्या दोन टोकांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर ती काढून, घासून पुन्हा घट्ट बसवावी.

पेट्रोल अडत असेल तर प्रथम टाकीचे झाकण उघडावे. सूं करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे किंवा टाकीच्या नळीचे श्वासाचे छिद्र बुजलेले आहे. उन्हाळ्यात चढावर बंद पडणाऱ्या गाडीत पंपातले किंवा पाइपातले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते आणि इंजिनवरच्या पंपाला, म्हणजे ‘एसी पंपा’ला, वाफ नीट ओढता येत नाही, पंपावर ओले फडके टाकण्याचा जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय हीच उत्तम चाचणीही आहे. फडक्याने पाच मिनिटांत गाडी सुरू झाली तर पाइप एक्झॉस्टपासून दूर बांधावा आणि पंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का ते पाहावे. गाडी वेगात असतानाच बंद पडते, थोडे थांबल्यावर सुरू होते आणि काही किलोमीटरवर पुन्हा बंद पडते, असे असेल तर टाकीतला कचरा जाळीवर चिकटतो आणि ओढ थांबली की खाली बसतो. तेथे फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, मऊ पडतात आणि आतून सुटलेले कण जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत, जातात, म्हणून असे पाइप संशयाची वाट न पाहता बदलावेत.

फक्त स्लोवर बंद पडणारी, पण रेस दिली की चालणारी गाडी असेल, तर कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडची, म्हणजे स्लोचे पेट्रोल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची, वायर तपासावी. इग्निशन चालू करताच त्यातून टिक असा आवाज यायला हवा.

पावसाळी दोषासाठी रात्रीची वेळ निवडावी. अंधारात, मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी आणि कॅप यांवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारला की गळणारा करंट निळ्या रेघांनी स्वतःच दिसतो. तडा गेलेली कॅप पुसून कोरडी केली तरी पुढच्या सरीला पुन्हा तेच होणार, तेव्हा ती बदलावी.

दोष सापडला असे वाटले तरी एका वेळी एकच भाग बदलावा आणि काढलेल्या भागावर तारीख लिहून तो ठेवावा. वहीतील नोंदीप्रमाणे तोच चढ, तेच ऊन आणि तेवढेच पेट्रोल असताना गाडी पुन्हा चालवून पाहावी. दोष पूर्वी आठवड्यातून एकदा येत असेल तर दोन दिवस गाडी न थांबल्याने काहीच सिद्ध होत नाही. निदान तीन आठवडे वहीत रोज एक ओळ लिहीत राहावे.