नववा आणि अठरावा: इलियड पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी माझ्या प्रकल्पाचं नाव होतं ‘इलियडमधील वीरत्व, नीती आणि मृत्यू’. इलियड म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य. नाव ऐकायला भारदस्त होतं. मी हिशोब केला: तीन शब्द, तीन प्रकरणं, प्रत्येकी वीस पानं, झालं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं. ग्रीकांच्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याबद्दल मी लिहिलं होतं, ‘अकिलीस दीर्घ पण अनाम आयुष्य नाकारून अल्प पण कीर्तिमान आयुष्य निवडतो.’

“कुठे निवडतो? सर्ग सांगा.”

“नवव्यात.”

“नवव्यात तो नेमकं काय म्हणतो?”

मी गप्प. नववा सर्ग मी वाचलाच नव्हता. सारांश वाचले होते, तेही तीन. तिन्हींत हेच वाक्य होतं, म्हणून ते खरंच असणार असं धरून चालले होते. प्रकल्प परत आला आणि सहा महिने गेले. आजही ‘नववा’ शब्द ऐकला की पोटात खड्डा पडतो.

कथा तुम्हाला माहीत असेलच, ती सांगत बसत नाही. फक्त हा खड्डा नीट दाखवते, कारण दरवर्षी कुणीतरी त्यात पडतंच.

ग्रीक सेनेचा प्रमुख ॲगमेम्नॉन यानं अपमान केला म्हणून अकिलीस लढणं सोडून बसलेला असतो. नवव्या सर्गात ॲगमेम्नॉन समेटासाठी त्याच्याकडे माणसं पाठवतो: ओडिसियस, फिनिक्स आणि एजॅक्स. देऊ केलेली यादी लांबलचक आहे: 7 तिवया, 10 टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं, 20 कढया, 12 शर्यतीचे घोडे, आणखी बरंच. अकिलीसचं उत्तर असं, की गुरंमेंढरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला जीव परत आणता येत नाही. मग तो आईनं, थेटिसनं, सांगितलेले दोन मार्ग सांगतो. ट्रॉयला थांबलो तर घरी परतणं नाही, पण कीर्ती अविनाशी. घरी गेलो तर कीर्ती नाही, पण आयुष्य लांब. प्रसिद्ध ओळी त्या ह्याच, 410 ते 416. आणि हे सांगून झाल्यावर तो काय करतो? बाकीच्यांनाही म्हणतो, तुम्हीही गलबतं काढा आणि घरी जा.

म्हणजे ‘निवड’ म्हणून आपण ज्या ओळी उद्धृत करतो, त्याच ओळींत तो कीर्तीकडे पाठ फिरवतोय. पायाखालचा दगड असा सरकतो.

गंमत इथेच संपत नाही. ओडिसियसला तो म्हणतो, उद्या निघतो. लहानपणी ज्यानं मांडीवर घेऊन भरवलं त्या म्हाताऱ्या फिनिक्सला म्हणतो, जायचं की राहायचं ते सकाळी बघू. एजॅक्स दोन शब्द फटकळपणे बोलतो, तेव्हा त्याला सांगतो, ट्रॉयचा सेनानी हेक्टर माझ्या गलबतांपर्यंत येईतो लढणार नाही. एकाच सर्गात तीन उत्तरं. सारांश लिहिणारा त्यांचं एक करतो, आणि तिथेच सगळी नीतिचर्चा मरते. मान म्हणजे काय, तो सोन्यानं मोजता येतो का, भित्रा आणि शूर दोघांना सारखंच मिळणार असेल तर मरायचं कशासाठी, हे सगळे प्रश्न त्या तीन उत्तरांच्या मधल्या जागेत आहेत.

मग तो लढायला उतरतो कधी? अठराव्यात. त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मेलेला असतो. थेटिस सांगते, हेक्टरच्या पाठोपाठ तुझाच नंबर. तो म्हणतो, मग आत्ताच मरू दे. मित्र मारला जात होता तेव्हा मी त्याच्याजवळ नव्हतो. आणि स्वतःला म्हणतो, मी इथे गलबतांपाशी नुसता बसलोय, भुईला भार. हा ‘भुईला भार’ माझ्या पदरचा वाक्प्रचार नाही. मूळ ग्रीक शब्द अक्षरशः तेच सांगतात. आपल्याकडे आजी रिकामटेकड्या नातवाला जे म्हणते, ते ट्रॉयच्या किनाऱ्यावर सर्वश्रेष्ठ योद्धा स्वतःला म्हणतो. हे कळलं त्या दिवशी माझा प्रकल्प खऱ्या अर्थानं सुरू झाला.

आता उलट्या बाजूला पडू नका. मी पडले होते. दुसऱ्या मसुद्यात लिहिलं, ‘अकिलीसला कीर्ती नकोच होती, तो केवळ दुःखानं लढला.’ तेही चूक. त्याच भाषणात थोडं पुढे, 121व्या ओळीत, तो म्हणतो की आता मला चांगली कीर्ती मिळवू दे. अपराधीपणा, सूड, कीर्ती सगळं एकाच तोंडून येतं. क्रम मात्र बघा: आधी मित्र, मग मरण, मग कीर्ती. वाक्य लिहायचंच असेल तर या क्रमावर लिहा.

इंग्रजी अनुवादांचं थोडक्यात. ओळींचे क्रमांक द्यायचे असतील तर लॅटिमोरचा, 1951चा, बरा. तो ग्रीक ओळींना बराचसा धरून चालतो. फेगल्सचा, 1990चा, सरसर वाचला जातो, पण त्याचे ओळक्रमांक स्वतःचे आहेत. एकाचा उतारा आणि दुसऱ्याचा क्रमांक असं करू नका, परीक्षकाला ते लगेच दिसतं. एमिली विल्सनचा, 2023चा, मोठ्यानं वाचायला मला सगळ्यात आवडला. ग्रीक येत नाही म्हणून रडू नका. पाच-सहा शब्द तेवढे धरून ठेवा, जसं क्लेओस म्हणजे लोकांच्या तोंडी राहणारं नाव, तिमे म्हणजे मान आणि त्या मानाची वस्तुरूप किंमतही, मेनिस म्हणजे काव्याचा पहिलाच शब्द, कोप.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, आणि ते बदलायची इच्छाही नाही. ‘कर्णाशी तुलना कर, मार्क मिळतात,’ असं मला सांगितलं गेलं होतं. मी केली. चार पानं. अपमान झालेला, मरण ठरलेलं, मित्रासाठी लढणारा. सगळं जुळतंय असं वाटतं, कारण आपल्याला कर्ण पाठ आहे आणि अकिलीस नाही. आपण ओळखीच्या माणसाबद्दलच लिहीत राहतो, अनोळखी माणूस दाराबाहेर उभाच. तुलना शेवटी करा. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्सबद्दल तर बोलायलाच नको. माझ्या नोट्समध्ये ट्रोजन घोडा आणि अकिलीसची टाच दोन्ही होतं. इलियडमध्ये दोन्ही नाही. अकिलीसचा मृत्यूसुद्धा नाही, फक्त त्याची चाहूल आहे.

मला कामाला आली ती एक दोनशेपानी वही. इलियडमध्ये नावानिशी मरणारे दोनशेहून जास्त आहेत. पहिल्या वाचनात ते सगळे ‘आणखी एक मेला’ म्हणून ओलांडले जातात. मी एकेकाला अर्धं पान दिलं. चौथ्या सर्गातला सिमोइसियोस नदीकाठी जन्मला म्हणून नदीचंच नाव लाभलेला. पॉप्लरच्या झाडासारखा कोसळतो. अकराव्यातला इफिडमास नवी नवरी घरी सोडून आलेला, तिच्यासाठी शंभर गुरं दिलेली. सहाव्यातला ॲक्सिलस मला अजून सोडत नाही. त्याचं घर रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो जेवू घालायचा. ग्रीक योद्धा डायोमिडीस त्याला मारतो, तेव्हा त्या जेवून गेलेल्यांपैकी एकही आडवा येत नाही. होमर एवढंच सांगतो आणि पुढे जातो. माझं नीतीवरचं अख्खं प्रकरण मी पुन्हा लिहिलं ते या आठ ओळींमुळे.

घाबरवतेय असं वाटत असेल तर एवढं सांगते: 24 सर्ग, रोज एक, महिन्यात होतात. दुसऱ्या सर्गातली गलबतांची यादी खुशाल चाळा. तेविसाव्यात पॅट्रोक्लसच्या चितेवर 12 ट्रोजन तरुण मारले जातात, तिथे मात्र घाई करू नका. अकिलीस आवडायला लागलेला असतो आणि नेमकं तिथेच तो हे करतो.

चोविसावा मी घरी मोठ्यानं वाचला, आई भाजी निवडत ऐकत होती. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, मुलाचं प्रेत मागायला अकिलीसकडे येतो आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो, दोघं रडतात, मग अकिलीस त्याला जेवायला लावतो: बारा मुलं गेली तरी पुराणकथेतल्या नायोबीनंही शेवटी अन्न घेतलंच होतं. “कडू घास,” आई म्हणाली. तुलना करू नका असं मीच सगळ्यांना सांगते, म्हणून गप्प राहिले. पुढे प्रायम हेक्टरसाठी दिवस मागून घेतो: नऊ दिवस शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला मातीचा ढीग, आणि बाराव्याला, लढायचंच असेल तर, लढू. आईनं बोटांवर मोजलं.

“आणि तेरावं?”

“पुस्तक अकराव्यालाच संपतं,” मी म्हटलं.