नदीतील बेट, त्यावरील पेनठाणा आणि पक्ष्यांची वीण कशी राखावी

वैनगंगेच्या किंवा तिच्या उपनदीच्या पात्रातील बेटावर गावाचा पेनठाणा (गोंड समाजाचे देवस्थान) असेल आणि उन्हाळ्यात तेथील उघड्या रेतीवर नदी सुरय व टिटव्या अंडी घालत असतील, तर फलक लावण्याआधी जमीन कोणाच्या नोंदीत आहे ते पाहावे. तलाठ्याकडील गावनकाशा आणि वनरक्षकाकडील कक्षाचा नकाशा शेजारी ठेवून तपासावेत. त्यांत तफावत निघाल्यास तीही ग्रामसभेच्या ठरावात नोंदवावी.

बेट वनजमिनीत असल्यास वन हक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक दावा करावा, कारण कलम ५ नुसार वनहक्कधारकांना व त्यांच्या ग्रामसभेला वन्यजीवांचे आणि आपल्या सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाचे रक्षण करता येते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. दाव्यासाठी किमान दोन पुरावे लागतात. पूजास्थान, स्मशान, जुनी विहीर आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे सर्व पुरावे म्हणून चालतात, तरी जबाबाकडेच गावे सर्वांत कमी लक्ष देतात. ‘पूर्वापार पूजा होते’ एवढेच लिहू नये. कोणत्या कुळाची पूजा, कोणत्या महिन्यात, डोंगा कोणत्या घाटावरून सुटतो, ठाण्याची हद्द कोणत्या झाडापर्यंत, हे सांगणाऱ्याच्या शब्दांत उतरवून, वाचून दाखवून मगच अंगठा किंवा सही घ्यावी. पूजाविधीतील काय कागदावर यावे, हे मात्र गायत्यानेच (गावाच्या पुजाऱ्यानेच) ठरवावे.

अनुसूचित क्षेत्रात रेतीसारख्या गौण खनिजाच्या लिलावाआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस पेसा (अनुसूचित क्षेत्रांपर्यंत पंचायत विस्तार) कायदा, १९९६ नुसार बंधनकारक आहे. म्हणून रेतीघाटाची जाहिरात निघण्याची वाट न पाहता बेटाची हद्द व कारणे देऊन नकाराचा ठराव आधीच करावा आणि त्याची पोच घ्यावी.

विणीच्या काळात, विशेषतः मार्च ते मे, बेटावर ट्रॅक्टर, गुरे व कुत्री जाऊ देऊ नयेत. घरटे म्हणजे रेतीतील उथळ खळगा, आणि ठिपक्यांची मातकट अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. माणूस जवळ रेंगाळला की पक्षी उठतो व अंडी उन्हात भाजतात, त्यामुळे मोजणी काठावरूनच दुर्बिणीने करावी. रेतीवर डांगरवाडी (वेलफळांची वाडी) लावणाऱ्या धिवर (मासेमार) कुटुंबांना बैठकीत बोलावून वाड्यांची जागा त्यांच्याच संमतीने ठरवावी, कारण रेतीवर रोज तीच माणसे असतात. वर धरण असल्यास पाणी सोडण्याची पूर्वसूचना पाटबंधारे कार्यालयाकडे लेखी मागावी.

निधी आला म्हणून पेनठाण्यावर सिमेंटचा ओटा किंवा टिनाचे शेड बांधू नये.