ट्रेलर ओढताना सायकली आणि कयाक कुठे बांधाव्यात
इंदूरहून हनुवंतियाला, इंदिरासागर जलाशयाकाठी मुक्कामासाठी कॅम्पिंग ट्रेलर नेणार असाल, तर सायकली ट्रेलरच्या मागच्या टोकाला टांगू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. कारण मागे पडलेले वजन गाडीच्या हुकावरचा भार कमी करते, आणि तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के राहिला नाही, तर भेरूघाटासारख्या उतारावर ट्रेलर डोलू लागण्याची भीती असते. सायकली हुकाच्या भारमर्यादेत राहून ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसवाव्यात. मात्र वळताना हँडल गाडीला घासत नाही ना, हे आधी मोकळ्या मैदानात पाहावे. कयाक गाडीच्या टपावर दोन रुंद पट्ट्यांनी आवळून तिची दोन्ही टोके स्वतंत्र दोरीने बांधावीत.