एफ12 ऐकेना, तेव्हा

लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट करायचं तर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही. चार कळा! दिवसभर हेच केलं की बोटांची कसरतच. म्हणून टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड असं जाऊन ते काम एफ12 ला दिलं. ओके केलं, एफ12 दाबलं, तर पेस्ट नाहीच, ओळीआधी ‘1.’ येऊन बसला.

अर्धा तास वैतागलो. गोम त्याच कीबोर्डच्या खिडकीतल्या वरच्या दोन पर्यायांत होती: ‘लिब्रेऑफिस’ (सगळ्या प्रोग्रामसाठी) आणि ‘रायटर’ (फक्त रायटरसाठी). मी पहिल्यात बदल केला होता. पण रायटरमध्ये एफ12 आधीपासून क्रमांकित यादीसाठी लावलेली असते, आणि तिथे रायटरच्या स्वतःच्या सेटिंगचंच चालतं. ‘रायटर’ निवडून एफ12 च्या ओळीवर पुन्हा ‘पेस्ट अनफॉरमॅटेड टेक्स्ट’ लावलं. लगेच चाललं. यादीचं बटण काय, टूलबारवर आहेच.