टायर मजबूत घ्या, पण आधी घरी काढून बघा

दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळून झाले की गोव्यातल्या सायकलवाल्यांना सराव आठवतो. मलाही. गेल्या वर्षी याच हुरूपात मी चांगले जाडजूड, पंक्चरला दाद न देणारे टायर घातले आणि चोर्ला घाटाच्या एका वळणावर तासभर बसून राहिलो. टायर फाटला नव्हता. पंक्चर झाल्यावर तो रिमवरून निघतच नव्हता. टायर उचकटायच्या प्लास्टिकच्या दोन्ही लिव्हर मोडल्या, मग नखं गेली. शेवटी बेळगावहून भाजी घेऊन उतरणाऱ्या एका टेंपोत, कोबीच्या पोत्यांवर सायकल आडवी टाकून केरीपर्यंत आलो. टायर कुठल्या कंपनीचा ते विचारू नका, दोष माझा होता. दुकानात बसवून घेतला आणि घरी एकदाही हात लावला नाही. तेव्हा थंडीच्या सरावाला टायर घ्यायच्या यादीतली पहिली गोष्ट ही: नवा टायर घरी, स्वतःच्या हाताने एकदा उतरवा आणि परत चढवा. पुढे पुन्हा सांगणार आहे.

आता माप. जुन्या टायरच्या अंगावर ७०० बाय २५ किंवा २८ असं काहीतरी असतं. त्याहून भरवशाचा आकडा २८-६२२ असा छापलेला असतो, त्यातला २८ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, आणि ६२२ म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास, तो जुळलाच पाहिजे. थंडीच्या सरावाला २८ घ्या. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, आणि पावसाने कुरतडलेल्या डांबराच्या कडेवरून उतरताना रिम आणि रस्त्यामध्ये ट्यूब चिमटत नाही. पण जुन्या पद्धतीचे रिम ब्रेक असतील तर ब्रेकखाली आणि फोर्कमध्ये जागा आहे का ते आधी बघा. चारी बाजूंनी ४ मिलिमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर २५ वर समाधान माना.

परदेशी सल्ल्यांत हिवाळी टायर म्हणजे ओल्या, गार रस्त्यावरची पकड. आपलं उलटं आहे. पाऊस संपलेला, रस्ता कोरडा, आणि सगळा धोका रस्त्यावर पडलेल्या वस्तूंचा. दिवाळीनंतर नाक्यानाक्यावर नरकासुराच्या सांगाड्याच्या तारा आणि खिळे. उसगाव, साखळी पट्ट्यात ट्रकांच्या फुटलेल्या टायरमधून सुटलेल्या केसाएवढ्या पोलादी तारा. त्या दिसत नाहीत, टायरमध्ये शिरतात आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर ट्यूबपर्यंत पोचतात. माझं पंक्चर अशाच तारेचं होतं. त्यात चिऱ्यांच्या ट्रकमधून सांडलेले जांभ्याचे तुकडे, आणि १ जानेवारीच्या पहाटे किनारपट्टीत बाटल्यांच्या काचा. त्या दिवशी मी तिकडे फिरकतच नाही. म्हणून रबराखाली संरक्षक पट्टा असलेला टायर बघा, आणि नुसता मधे नाही, बाजूच्या भिंतीही मजबूत हव्यात. कॉन्टिनेंटलचा गेटरस्किन या कामाला ओळखीचा आहे. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा जाड थर असतो, पण तो सामान बांधून लांब जाणाऱ्यांचा. तो घालून घाट चढायचा तर जीव नकोसा होतो. शर्यतीचे हलके टायर शर्यतीला ठेवा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. बोटाने वाकवून बघा, भिंतीला बारीक चिरा असतात. ट्यूबलेसबद्दल मला विचारू नका, मी ट्यूबवाला माणूस.

एक सांगायचं राहिलं: असे कडक टायर पुलाच्या लोखंडी जोडपट्ट्यांवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर पहाटे दंव असताना सरकतात. रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर तर उतरून चाला.

आता मुख्य काम, घाई न करता. दुकानदार म्हणेल, मी बसवून देतो. त्याला म्हणा, बाब, तू नुसता बघ, हात मी लावतो. घरी हवा पूर्ण काढा, पूर्ण म्हणजे पूर्ण. टायरच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी चेपत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, चाकभर, सगळीकडून. घाटात मला हे माहीत नव्हतं. कडा खोलगटात गेली की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि मग लिव्हर लागते. चढवताना वॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरुवात करा आणि वॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग अडतोच. तेव्हा लिव्हर खुपसू नका, ट्यूब कापली जाते. पुन्हा कडा खोलगटात ढकला. मग वॉल्व्ह आत दाबून बघा, ट्यूब कडेखाली अडकलेली नाही ना. टायरवरचं नाव वॉल्व्हपाशी आणा, म्हणजे ट्यूबला भोक सापडलं की टायरमध्ये तार कुठे आहे ते लगेच कळतं. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरायच्या दिशेला आहे ना बघा. हे सगळं दोनदा करा. दुसऱ्यांदा घड्याळ लावून. पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर तो टायर आणि ती रिम यांचं जमत नाही, कितीही मजबूत असो, परत करा. लिव्हर मोडायच्या असतील तर घरात मोडू देत. नंतर दणकट घ्या, तीन घ्या.

दोन्ही टायर नवे घेणं जमत नसेल तर नवा पुढे. मागचा लवकर झिजतो हे खरं, पण पुढचा फुटला तर तोंडावर पडाल.

ट्यूब: २८ च्या टायरला २५-३२ लिहिलेली, दोन. रिम खोल असेल तर वॉल्व्ह लांब. ५० मिलिमीटरच्या रिमला ४८ चा वॉल्व्ह बाहेर येत नाही, यावर हसू नका, असे लोक भेटलेत. हवा ७० किलोच्या माणसाला मागे ८०, पुढे ७५ पीएसआय पुरते, टायरवरची कमाल मर्यादा ओलांडू नका, आणि दर राइडआधी बघा. पंप, चिकटपट्टी, फडक्याचा तुकडा. दिवे, पाणी, पातळभाजी-पावाचे पैसे, ते तुम्हाला माहीत आहे.

टायर काढून बघितलात ना?