शेतात मेटल डिटेक्टर नेण्याआधी

सगळ्यात आधी सातबारा. शेत ज्यांच्या नावावर आहे त्या सर्व खातेदारांची लेखी परवानगी घ्या, बटाईने दिलेलं असेल तर कसणाऱ्यालाही सांगा. जुनं काही निघालं तर सरकारला कळवलं जाईल, हे त्याच कागदावर लिहा. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पांडवलेणीसारख्या संरक्षित स्मारकाच्या आसपास तर यंत्र गाडीतून काढूच नका.

मग शेताची चौकशी. जुन्या माणसांना विचारा, पांढरी कुठे होती? वस्ती मोडलेल्या गावठाणाची राखट माती लोक वर्षानुवर्षं खत म्हणून शेतात नेत आले आहेत, म्हणून नाणं मूळ जागेपासून लांबही निघतं. मात्र खापरं, विटा दिसणारं पांढरीचं टेकाड असेल तर तिथे खुरपंसुद्धा लावायचं नाही. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. ती एकत्र राहिली म्हणून सत्ताबदलाचा पुरावा झाली. सुटी विकली गेली असती तर उरली असती फक्त चांदी.

दिवस निवडताना वाफसा बघा. मेमध्ये काळ्या रानात भेगा आणि ढेकळं असतात, यंत्राची चकती, म्हणजे कॉइल, जमिनीलगत फिरत नाही. भर पावसात चिखल पावलाला सोडत नाही. कांदा निघाल्यावर नांगरट, कुळवणी झालेली असावी आणि पहिल्या पावसानंतर वाफसा आलेला असावा. पेरणीआधी असे दोन-तीनच दिवस मिळतात. काढून टाकलेली द्राक्षबाग टाळा. अँगल गेले तरी तारेचे तुकडे आणि बाइंडिंग वायर मातीत राहतात, आणि यंत्र दिवसभर तेवढंच सांगत राहतं.

यंत्राला नऊ ते अकरा इंची डीडी (आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) कॉइल लावा. आपली माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे चुंबकीय कण असतात. त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला मातीची सवय लावणं, नीट झाला नाही तर यंत्र मातीलाच धातू समजतं. धातू नसलेल्या जागी कॉइल फूटभर उचलून पाच-सहा वेळा खाली-वर करा, आवाज स्थिर होईपर्यंत. काळ्या मातीतून मुरमाड पट्ट्यात गेलात की पुन्हा तेच. सेन्सिटिव्हिटी कमाल ठेवू नका, बडबड थांबेपर्यंत उतरवा. खोली थोडी कमी मिळेल, ती गेलेली धरा. विजेच्या तारा आणि चालू मोटारीपासून लांब राहा, मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा. यंत्राच्या पडद्यावर चांदीच्या कागदाला (फॉइलला) येणारे आकडे सरसकट गाळू नका, कारण क्षत्रपांचं चांदीचं नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं, तेही त्याच आकड्यांत येऊ शकतं.

पिशवीत पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र), हेडफोन, जास्तीची बॅटरी, खुरपं, सुतळी, खुंट्या, झिपच्या पिशव्या, वही, पट्टी, पाणी. पायात गुडघ्याखालपर्यंतचे बूट हवेतच. बांधाच्या गवतात घोणस असते, आणि हेडफोन लावल्यावर तिचा फुत्कार ऐकू येत नाही.

सुतळीने एकेक मीटरचे पट्टे आखा, कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंमीवर ठेवा आणि प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढवा. आवाज आला की काटकोनात वळून पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी सारखाच वाजला तरच खोदा. एका दिशेने वाजून दुसरीकडून गप्प झाला तर बहुतेक खिळा नाहीतर तापट दगड, म्हणजे लोहकणांमुळे धातूसारखा वाजणारा दगड. खोदायचं ते नांगराच्या थरातच, २० सेंमीपर्यंत. त्याखालची माती हललेली नसते, तिथे वस्तूची जागा हीच तिची माहिती. आवाज खालून येत असेल किंवा दोन-तीन नाणी जवळजवळ निघाली तर तिथेच थांबा, पट्टी ठेवून फोटो घ्या, जीपीएसचे आकडे लिहा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.

नाणं चोळू नका, चिंच-लिंबू तर मुळीच लावू नका. हिरवट थराबरोबर अक्षरंही जातात. माती तशीच ठेवून पिशवीत घाला, वर पट्ट्याचा क्रमांक आणि खोली लिहा. प्रत्येक खड्डा बुजवून पायाने दाबा. निघालेले खिळे, तारा, फाळाचे तुकडे बादलीत भरून मालकाच्या हाती द्या, नाहीतर पुढच्या मशागतीत तेच रोटाव्हेटरच्या पात्यात आणि बैलाच्या खुरात जातात.